जाहिरातीतले किलोमीटर आणि पवनीचा रस्ता

सावकाराच्या घरी घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे, ही तक्रार धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याला नवी नाही. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, शेर-पायलीच्या जागी किलो आणि लिटर आले, २००९ मध्ये वैधमापन कायदा झाला, आणि आज पवनीच्या बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्याच्या तराजूवर सरकारी शिक्का नसेल तर निरीक्षक त्याला दंड करू शकतो. किलोभर वांग्यांत पन्नास ग्रॅम मारले तर तो गुन्हा ठरतो. परंतु साडेसहा लाखांची विजेवरची मालगाडी 'एका चार्जिंगमध्ये १५५ किलोमीटर' असे सांगून विकली आणि ती मालाने भरून हमरस्त्यावर काढल्यावर दोन-तृतीयांश अंतरात दम सोडू लागली, तर तो गुन्हा ठरत नाही. त्याला 'प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीनुसार पडणारा फरक' असे सोज्ज्वळ नाव आहे.

हा फरक कोणाच्या खिशातून भरला जातो, हा खरा प्रश्न आहे. तो तांत्रिक प्रश्न नाही, अर्थशास्त्राचा आहे. आणि म्हणूनच राजकारणाचाही आहे.

पवनीचे उदाहरण घ्यावे. वैनगंगेच्या काठचे हे गाव भंडाऱ्यापासून सुमारे ४५ किलोमीटर आणि भिवापूर-उमरेडमार्गे नागपूरपासून सुमारे ८० किलोमीटर आहे. भाजी, तांदूळ, नदीतली मासळी, किराणा, सिमेंट, खताच्या गोण्या, लग्नसराईतल्या मांडवाचे सामान, या साऱ्यांची ने-आण करणारा जो वर्ग आहे तो म्हणजे 'छोटा हत्ती' आणि पिकअप चालविणारे टेम्पोवाले. यांतला बहुतेक माणूस स्वतःच मालक, स्वतःच चालक आणि निम्म्या वेळा स्वतःच हमाल असतो. गाडी कर्जाची असते. पहाटे माल भरायचा, उजाडण्यापूर्वी नागपूरचा बाजार गाठायचा, परतीचे भाडे मिळाले तर ठीक, न मिळाले तर रिकामे यायचे, हा त्याचा दिनक्रम. पवनी-नागपूर-पवनी ही फेरी १६० किलोमीटरांची होते. म्हणजे जाहिरातीतला शब्द अक्षरशः खरा मानला तरी ही गाडी एका चार्जिंगमध्ये पवनीला परत येत नाही. आणि जाहिरातीतला शब्द अक्षरशः खरा नाही.

तो खरा का नाही, हे समजून घेण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. गाडीचा प्रमाणित पल्ला रस्त्यावर मोजला जात नाही. तो प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर गाडीची चाके ठेवून, ठरावीक तापमानात आणि आधीच आखलेल्या वेगाच्या वेळापत्रकानुसार मोजला जातो. चारचाकींसाठी भारतात जे वेळापत्रक वापरले गेले ते युरोपच्या जुन्या वेळापत्रकावरून घेतलेले. फरक इतकाच की, युरोपातला ताशी १२० किलोमीटरचा कमाल वेग येथे ९० वर आणला गेला. त्याचा सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास येतो. तीनचाकी मालरिक्षांचे वेळापत्रक तर आणखी मवाळ: १०८ सेकंदांचे एक आवर्तन, कमाल वेग ४२ आणि सरासरी वेग २२ च्या आत. आता उमरेडच्या रस्त्यावर ताशी ६० ने जाणारी गाडी घ्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बत्तीसवरून साठवर गेले की तो साडेतीन पट होतो. चाकांचा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो. आणि पवनीचा टेम्पोवाला साडेसातशे किलोची मर्यादा पाळतो असे मानणाऱ्याने एकदा खताच्या गोदामापाशी उभे राहून यावे. त्यात समोरची मोटारही बहुतेकदा छोटीच. चढावर आणि ओझ्याखाली तिच्याकडून जे काम घेतले जाते त्याची नोंद रुळांवर होत नाही.

ही टीका कोणी भांडवलशाहीचा शत्रू करीत आहे म्हणून ती सोडून द्यावी, असे म्हणण्याचीही सोय आता उरलेली नाही. कारण कबुली कारखानदारांनीच दिली आहे. टाटांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'कर्व्ह' ही विजेची मोटार बाजारात आणली तेव्हा मोठ्या बॅटरीच्या गाडीचा प्रमाणित पल्ला ५८५ किलोमीटर सांगितला, आणि त्याच वेळी ग्राहकांना प्रत्यक्षात मिळू शकणारा पल्ला म्हणून ४०० ते ४२५ किलोमीटर हा दुसरा आकडाही दिला. फरक २७ ते ३२ टक्क्यांचा. ही प्रामाणिकपणाची गोष्ट आहे आणि तिचे श्रेय द्यावयास हवे. परंतु ही मोटार घेणारा गृहस्थ कोण आहे? तो शहरातला सुखवस्तू माणूस आहे, त्याच्या घरी चार्जिंगची सोय आहे, आणि पल्ला कमी पडला तर त्याची सहल लांबते, हप्ता चुकत नाही. त्याला दोन आकडे मिळाले. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला ठळक अक्षरांत मिळतो तो एकच आकडा, आणि तोही मोठा.

याच कंपनीच्या मालगाड्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०२२ च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या विजेवरच्या 'एस'ची बॅटरी २१.३ युनिटची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या 'एस प्रो'ची बॅटरी १४.४ युनिटची आणि पल्ला १५५ किलोमीटर! बॅटरी एक-तृतीयांशाने लहान झाली आणि पल्ला एका किलोमीटरने वाढला. नवी गाडी हलकी आहे, तंत्र सुधारले आहे, हे सारे मान्य. तरीही पहिल्या गाडीला किलोमीटरमागे १३८ वॅट-तास लागतात आणि दुसरीला ९३ पुरतात, हा हिशेब पवनीच्या टेम्पोवाल्याने कशाच्या आधारावर पडताळून पाहावा? त्याच्या हातात माहितीपत्रक आहे. त्या पत्रकातला १५५ हा आकडा किती माल लादून, कोणत्या वेगाने आणि किती उन्हात मिळाला, हे त्याला विक्रेत्याने कधी समजावून सांगितलेले नसते.

मोटारीच्या बाबतीत कंपनीने स्वतः कबूल केलेली तूट या १५५ किलोमीटरांना लावून पाहिली, तर हाती १०६ ते ११३ किलोमीटर उरतात. मोटार रिकामी धावते आणि मालगाडी लादून, हे येथे हिशेबात धरलेलेच नाही. म्हणजे हा अंदाज गाडीच्या बाजूने उदार आहे. ११० धरू. नागपूरला माल पोहोचेल, गाडी परत येणार नाही. भंडाऱ्याची ९० किलोमीटरांची फेरी मात्र जेमतेम बसेल. पण बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, आणि विदर्भातल्या मे महिन्यात, जेथे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, ती अधिक वेगाने झिजते. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आलेली बॅटरी ११० चे ८८ करते. म्हणजे कर्जाचे शेवटचे हप्ते चालू असतानाच एखाद्या दिवशी भंडाऱ्याहून परतताना गाडी पवनीच्या वेशीबाहेर उभी राहील. पेट्रोल संपले तर बाटलीतून आणता येते. वीज बाटलीतून आणता येत नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: मध्ये चार्जिंग करा. महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या विद्युतवाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट लिहिलेले आहे. उद्दिष्टे पवनीला नवी नाहीत. गोसीखुर्द धरण याच तालुक्यात आहे. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा म्हणून मंजूर झालेला, १९८८ मध्ये पायाभरणी झालेला आणि २००९ मध्ये राष्ट्रीय म्हणून घोषित झालेला तो प्रकल्प तीन दशकांहून अधिक काळ चालला, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी कागदावरच्या हेक्टरांचा आणि शेतातल्या पाण्याचा फरक चांगला जाणतो. शिवाय चार्जिंगला लागणारा वेळ हा मजुरीचा वेळ आहे. बाजारात भाजी पोहोचविण्याची वेळ टळली की भाव पडतो. भाव पडल्याचा तोटा शेतकरी टेम्पोवाल्याच्या भाड्यातून कापतो. आणि नागपुरात गाडी चार्जिंगला लावून झाडाखाली बसलेल्या माणसाचे ते तास कुठल्याही जाहिरातीत मोजलेले नसतात.

आता मूळ अर्थशास्त्राकडे वळावे. जून २०२५ मध्ये 'एस प्रो'ची पेट्रोलवरची गाडी ३ लाख ९९ हजारांपासून आणि विजेवरची साडेसहा लाखांना जाहीर झाली. फरक अडीच लाखांचा. विजेची गाडी चालवायला स्वस्त पडते, हे निर्विवाद आहे. समजा, किलोमीटरमागे चार रुपये वाचले. तर अडीच लाख वसूल होण्यास ६२,५०० किलोमीटर धावले पाहिजे. जाहिरातीवर विश्वास ठेवून रोज १५० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर सतरा महिन्यांत पैसे फिटतात. प्रत्यक्षात ९० किलोमीटरच धावता आले तर अठ्ठावीस महिने लागतात. मधल्या अकरा महिन्यांचे व्याज, हुकलेली भाडी, आणि नागपूरची फेरी दुसऱ्याला द्यावी लागल्याने तुटलेले गिऱ्हाईक, हे सारे त्या एका छापील आकड्याच्या पोटात दडलेले आहे. भांडवलाची गुंतवणूक करणारा कारखानदार असा आकडा अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय पैसा बाहेर काढीत नाही. टेम्पोवाल्याने मात्र तो विक्रेत्याच्या तोंडून ऐकून अंगठा उठवायचा.

आणि मोठे गिऱ्हाईक कसे खरेदी करते, तेही पाहावे. 'एस'ची विजेवरची गाडी जाहीर झाली त्याच दिवशी ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट अशा बड्या कंपन्यांशी ३९,००० गाड्यांचे करार झाल्याचे सांगण्यात आले. गाडी मुळात कोणासाठी आखली गेली, हे यावरून स्पष्ट व्हावे. शहरातल्या गोदामातून निघायचे, हळूहळू थांबत थांबत पाकिटे वाटायची, संध्याकाळी पुन्हा गोदामात येऊन चार्जिंगला लागायचे. अशा कामात कमी वेग, हलका माल आणि ब्रेक मारताना परत मिळणारी वीज यांमुळे गाडी छापील आकड्याच्या बरीच जवळ जाईलही. म्हणजे माप अगदीच खोटे नाही. ते दुसऱ्याच्या रस्त्याचे आहे. इतवारीच्या गल्लीतले माप उमरेडच्या रस्त्यावर विकले जाते, येथे फसवणूक आहे.

एस. टी. महामंडळाचे उदाहरण याहून बोलके आहे. महामंडळाने ५,१५० विजेच्या बसगाड्यांचा जो करार केला तो भाडेतत्त्वाचा, धावलेल्या किलोमीटरमागे पैसे देण्याचा. त्या कराराच्या अंमलबजावणीत झालेला विलंब आणि खाजगी कंत्राटदाराच्या हाती गेलेली सार्वजनिक वाहतूक, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण एक तत्त्व त्यात आहे: गाडी धावली तर पैसे, नाही धावली तर नाहीत. बॅटरीची जोखीम गाडी पुरविणाऱ्याकडे राहते. पवनीचा टेम्पोवाला मात्र न धावलेल्या किलोमीटरांचे पैसे पाच वर्षे आधीच, व्याजासकट, मोजून देतो. बडा खरेदीदार किलोमीटर विकत घेतो. छोटा खरेदीदार किलोमीटरांचे आश्वासन विकत घेतो.

सरकारी मदतीचेही तसेच. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या १०,९०० कोटींच्या पी. एम. ई-ड्राइव्ह योजनेत मालट्रकांसाठीचे अनुदान आहे ते साडेतीन टनांहून जड ट्रकांना. छोटा हत्ती त्यात बसत नाही. सिमेंटच्या आणि पोलादाच्या कारखान्यांना ट्रक पुरविणाऱ्यांची सोय झाली. खताच्या दोन-चार गोण्या टाकून गोसे गावाकडे जाणाऱ्याची झाली नाही.

या सगळ्यावर पक्षातल्याच काही मित्रांचा आक्षेप असा की, हा ग्राहक चळवळीचा विषय आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीचा नव्हे. ज्याच्या मालकीची गाडी आहे तो अखेर छोटा मालकच, त्याच्या तक्रारी पंचायतीने पाहाव्यात. हा आक्षेप पुस्तकी आहे आणि पुस्तकालाही धरून नाही. मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात पावातल्या भेसळीचा विषय घेतला तो कामाच्या तासांच्या प्रकरणात. भेसळीविरुद्ध लंडनमध्ये जी ओरड झाली तिच्या चौकशीतून भट्टीवर रात्र रात्र राबणाऱ्या कामगारांचे हाल उजेडात आले, हे त्याने दाखविले. खोटे माप आणि लांबलेला कामाचा दिवस यांचे नाते तेव्हाही होते. चार्जिंगसाठी थांबलेले तीन-चार तास भरून काढण्याकरिता जो चालक पहाटे तीनऐवजी मध्यरात्रीच निघतो, त्याला छोटा मालक म्हणा की स्वतःचाच मजूर, त्याच्या डोळ्यावरची झोप तीच असते.

दुसरे उदाहरण समाजवाद्यांच्या घरचेच आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत सांगितले की, या देशातला सत्तावीस कोटी माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो. पंडित नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. पंधरा आणे हा आकडा रचलेला नव्हता. ती राष्ट्रीय सरासरी होती. सरासरीत बिर्लांचे उत्पन्नही होते आणि शेतमजुराचेही. लोहियांचे म्हणणे एवढेच होते की, ज्याच्याविषयी बोलता त्याचा आकडा सांगा. रुळांवर मोजलेले १५५ किलोमीटर हे आजचे पंधरा आणे आहेत. लादलेल्या गाडीचे, मे महिन्यातल्या उन्हातले, पाचव्या वर्षातले किलोमीटर किती, हे विचारणे म्हणजे तीन आण्यांचाच वाद पुढे नेणे होय.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. पल्ला कमी पडतो असे दिसताच 'विजेची गाडी म्हणजे थोतांड' असा गलका करणारे लोक काही कष्टकऱ्यांचे कैवारी नाहीत. आयात तेलावरचा खर्च, डिझेलचा धूर, आणि दर दरवाढीला टेम्पोवाल्याच्या भाड्यातून जाणारा पैसा, यांचा विचार करता वीजवाहन येणारच आणि यावेच. अमेरिकेत फोर्डच्या विजेवरच्या एफ-१५० या अवजड पिकअपचा सर्वांत मोठा प्रमाणित पल्ला ३२० मैलांचा होता. मागे जड गाडा जोडला की तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली येत असल्याचे अनेक स्वतंत्र चाचण्यांत दिसले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने ती गाडी थांबवून पुढच्या पिढीत पेट्रोलचे जनित्र बसविण्याचे जाहीर केले. त्यावरून वीज हरली असा निष्कर्ष काढणारे काढोत. पण त्याच अमेरिकेत प्रयोगशाळेत मिळालेला पल्ला छापण्यापूर्वी साधारणतः ०.७ ने गुणून खाली आणला जातो, आणि युरोपने २०१७ च्या सप्टेंबरपासून आपली जुनी चाचणी टाकून अधिक कडक चाचणी आणली. गाडी तीच, माप बदलले. जे भांडवलशाही देशांना जमले ते मागण्यात क्रांतीसुद्धा नाही, निव्वळ लाजेची गोष्ट आहे.

तेव्हा मागणी काय करायची? मालगाडीचा पल्ला पूर्ण माल लादून, ताशी ६० च्या वेगाने आणि विदर्भाच्या उन्हाळ्याच्या तापमानात मोजून छापला जावा. नव्या बॅटरीचा आणि झिजलेल्या बॅटरीचा असे दोन आकडे मराठीत, एकाच ठळक अक्षरात असावेत. बॅटरीच्या हमीत केवळ वर्षे आणि एकूण अंतर न लिहिता प्रत्येक वर्षी किती पल्ला शिल्लक राहील हे लिहून द्यावे, आणि तो न मिळाल्यास त्या प्रमाणात हप्ता कमी व्हावा. वित्त कंपन्या याला कडाडून विरोध करतील, कारण त्यांचा सारा धंदा गाडी चालो वा न चालो हप्ता आला पाहिजे या तत्त्वावर उभा आहे. म्हणूनच ही मागणी सर्वांत महत्त्वाची आहे.

हे होईपर्यंत हातात जो कायदा आहे तो वापरावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेणाऱ्याला त्यातून वगळलेले आहे, म्हणजे तो ग्राहकच आहे. स्वतः गाडी चालविणारा टेम्पोवाला या व्याख्येत बसतो. ही बाब पावती आणि कर्जाच्या कागदांवर पहिल्या दिवसापासून स्पष्ट असावी. अन्यथा कंपनीचा वकील प्रथम तेथेच बोट ठेवील. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकते, आणि जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तळटीप मूळ दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरात असली पाहिजे. फुलीचे चिन्ह टाकून खाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत 'परिस्थितीनुसार' असे लिहून सुटका करून घेण्याचा मार्ग त्यामुळे बंद व्हावयास हवा. तो होत नसेल तर जिल्हा आयोगापुढे नेण्यास पुरावा लागेल, आणि पुरावा तयार करणे हे पक्षकार्यकर्त्यांचे काम आहे.

पवनी, भिवापूर आणि अड्याळ येथील टेम्पो अड्ड्यांवर ज्यांच्याकडे विजेच्या मालगाड्या आहेत त्यांना एक साधी वही द्यावी. तारीख, निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण, मालाचे वजन, निघताना आणि पोहोचताना पडद्यावरची बॅटरीची टक्केवारी, मीटरवरचे किलोमीटर, दुपारचे तापमान आणि चार्जिंगसाठी थांबलेला वेळ, इतके रोज लिहावे. वजनासाठी काट्याची चिठ्ठी जोडावी. धानाच्या हंगामापासून मे अखेरपर्यंतच्या वह्या गोळा झाल्या की त्या घेऊन भंडाऱ्याला जाता येईल.